व्यवसाय : निवृत्त

(सिल्व्हर पार्क, मीरा रोड पूर्व इथल्या स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत ते गृहस्थ लालबागच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. १९८२ चा संप लांबत गेला, नोकरी गेली, आणि काही वर्षांनी ते मीरा रोडला राहायला आले. पुढं सोसायटीचं काम त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं. एवढं संयोजकांनी मला फोनवर सांगितलं. आमंत्रण ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ असं मोघम होतं. पण ‘रंगखातं’ हे कानावर पडलं आणि माझा विषय तिथंच ठरला. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, ते गेले हृदयविकारानं. आजच्या आजाराशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या पिढीचा मात्र आहे, आणि त्या पिढीतली बरीच मंडळी मला समोर दिसताहेत.

विषय आहे मूत्राशयाचा कर्करोग, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. तो कुणाला होतो आणि का होतो, एवढंच आज बोलायचं आहे. उपचारांवर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक मुंबईत आहेत. मी आयुष्यभर कारखान्यांतला डॉक्टर होतो. कामगार ज्याला ‘कंपनीचा डॉक्टर’ म्हणतात आणि ज्याच्याकडं थोड्या संशयानंच बघतात, तो मी.

कुठल्याही दवाखान्यातला केसपेपर बघा. नाव, वय, पत्ता, आणि त्याखाली एक रकाना असतो: व्यवसाय. साठी ओलांडलेला पुरुष असेल तर तिथं लिहिलेलं असतं ‘निवृत्त’. बाई असेल तर ‘गृहिणी’, मग तिनं वीस वर्षं कुठल्या का कारखान्यात काढली असेनात. लिहिणाऱ्याला दोष देत नाही. बाहेर रांग असते आणि त्याला रकाना भरायचा असतो. पण या एका आजारापुरतं बोलायचं तर ‘निवृत्त’ लिहिल्यानं डॉक्टरच्या हातातला सगळ्यात मोठा धागा तिथंच तुटतो. या आजाराचं कारण रोग्याच्या आजच्या दिनक्रमात क्वचितच सापडतं. ते वीस, तीस, कधी चाळीस वर्षांमागं असतं.

हे कळलं, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग तयार करण्याचा उद्योग १८५६ नंतर युरोपात वाढला. जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग रेन नावाचे शल्यचिकित्सक होते. (हृदयाला टाके घालून माणूस वाचवणारा पहिला सर्जन म्हणून ज्यांचं नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे, तेच हे.) १८९५ मध्ये त्यांनी शल्यचिकित्सकांच्या परिषदेत सांगितलं की फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी सापडताहेत. रुग्ण मोजकेच होते, पण एकाच कारखान्यातले होते. हा योगायोग नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढं संशयाची सुई अमाइन वर्गातल्या रसायनांवर स्थिरावली: बेंझिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन वगैरे. १९३८ मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांमध्ये मूत्राशयाच्या गाठी निर्माण करून दाखवल्या.

खरा हिशेब मांडला तो ब्रिटनमधल्या रॉबर्ट केस यांनी. १९५४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रसायन उद्योगातल्या कामगारांची जुनी हजेरीपत्रकं आणि मृत्यूची प्रमाणपत्रं समोरासमोर ठेवली. या कामगारांत मूत्राशयाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सर्वसाधारण पुरुषांच्या तीसपटीच्या घरात निघाले. पहिल्यांदा रसायनाला हात लागल्यापासून गाठ दिसेपर्यंत सरासरी अठरा वर्षांच्या आसपास काळ गेलेला होता, काहींच्या बाबतीत त्याच्या दुपटीहून जास्त. बीटा-नॅफ्थिलअमाइनचं ऊर्ध्वपातन करणारी पंधरा माणसांची एक तुकडी होती. त्या पंधराच्या पंधरा जणांना हा कर्करोग झाला. विषारी समजल्या गेलेल्या पुष्कळ गोष्टींबद्दल मी वाचलं आहे, पण पंधरापैकी पंधरा हा आकडा दुसरीकडं बघितल्याचं आठवत नाही. ब्रिटननं १९५३ मध्येच हा आजार भरपाईयोग्य औद्योगिक आजारांत घातला होता.

आता प्रश्न असा की श्वासातून आणि कातडीतून आत गेलेलं रसायन नेमकं मूत्राशयालाच का धरतं? शरीर नको असलेला माल यकृतात मोडतं आणि मूत्रपिंडातून लघवीत सोडतं. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्यांतून लघवी भराभर सरकते. मूत्राशयात ती तासन्‌तास थांबते. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे ते. पाइपातून पाणी धावतं, गाळ बसतो टाकीत. शिवाय यकृतानं ज्या अमाइनना बांधून, निरुपद्रवी करून खाली पाठवलेलं असतं, त्यांची ती बांधणी आम्लधर्मी लघवीत सुटते आणि मोकळं झालेलं रसायन आतल्या अस्तराच्या पेशींतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. हे पुस्तकातलं झालं. पण याची मोजदाद आपल्या शेजारी, अहमदाबादमध्ये झालेली आहे. बेंझिडीन आणि बेंझिडीनचे रंग हाताळणाऱ्या तिथल्या कामगारांच्या लघवीतल्या पेशी भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी तपासल्या. १९९६ आणि १९९७ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ज्यांची लघवी जास्त आम्ल, त्यांच्या पेशींतल्या डीएनएला रसायन जास्त चिकटलेलं आढळलं. ब्रिटननं हे रसायन वापरातून काढून टाकून दशकं लोटली होती, आणि आपल्याकडं मोजायला जिवंत कामगार सापडत होते. त्या कामाचं शास्त्रीय मोल मोठं आहे. त्याबद्दल वाचताना मला मात्र जास्त रागच येतो.

आपल्या सरकारनं १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारलेले ४२ आणि इतर ७० अशा ११२ रंगद्रव्यांच्या हाताळणीवर बंदी आणली. १९९४ मध्ये जर्मनीनं असे रंग वापरलेल्या कापडाला दार बंद केलं होतं. आमच्या कामगाराच्या पिशवीपेक्षा निर्यातीची काळजी आधी वाटली, असं मी म्हणालो तर तो माझा कडवटपणा समजा. पण तारखा बघून तुम्हीच ठरवा.

आता थोडं गणित करू. १९८५ साली पंचविशीत असलेला, रंगाच्या कारखान्यात पोती फोडणारा पोरगा आज पासष्टीला आला. ठाणे-बेलापूर पट्टा, कल्याण-डोंबिवली, तारापूर, इकडं इचलकरंजी आणि मालेगावची रंगाईची कामं, शिवाय मुंबईच्या मिलमधली रंगखाती. तिथं कोण काय हाताळत होतं याची नोंद कामगाराकडं कधी दिलीच गेली नाही. ‘लाल पावडर’, ‘काळी पावडर’, ‘जर्मन माल’ अशीच नावं त्यांच्या तोंडी. मी तपासायचो तेव्हा नखांच्या कडेला रंग बसलेला असायचा. रविवारची सुट्टी आणि दगडानं घासून केलेली आंघोळ होऊनही तो सोमवारी तिथंच. कातडीतून आत काय जातं हे वेगळं शिकवायची गरजच नव्हती. एका कामगाराची बायको म्हणाली होती की यांच्या घामानं उशीचा अभ्रासुद्धा पिवळा होतो. ते कपडे तीच धुवायची. केसपेपरवर ती ‘गृहिणी’.

टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या रुग्णांवर आधारलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामधंदा आणि फुप्फुस-मूत्राशयाचे कर्करोग यांचा संबंध त्यात तपासला होता. रसायन आणि औषध कारखान्यांत काम केलेल्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला त्यात दिसला. म्हणजे हा केवळ फ्रँकफर्टचा आणि ब्रिटनचा प्रश्न नव्हे.

रंगाच्या कारखान्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांनी लगेच सुटकेचा श्वास सोडू नये. रबर उद्योग, अॅल्युमिनियमची भट्टी, आणि भिंती-दारांना रंग देणारे रंगारी यांच्या कामाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पक्का मानला आहे. २०२२ मध्ये त्यात आग विझवणाऱ्या जवानांची भर पडली. केस कापणारे आणि पार्लरमध्ये रोज इतरांच्या केसांना रंग लावणारे ‘संभाव्य’ गटात आहेत. घरी महिन्याला एकदा स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबाबत तसा पुरावा नाही, तेव्हा मागच्या रांगेतल्या मंडळींनी निश्चिंत राहावं. डिझेलच्या धुराचा फुप्फुसाशी संबंध पक्का आहे, मूत्राशयाशी अजून अर्धवट. आणि आपल्या भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या गाळ्यांत आणि लेथवर जे कापायचं तेल वापरतात, त्याबद्दलही परदेशी अभ्यासांत संशय आहे. रंगातल्या अमाइनइतकं ते पक्कं नाही, म्हणून घाबरवत नाही. हातमोजे घाला आणि तेलानं भिजलेली चिंधी खिशात ठेवू नका, एवढं म्हणतो.

इथवर तुमच्यातले विडी-सिगारेटवाले खुशीत ऐकत होते, कारण सगळा दोष मालकावर चालला होता. आता त्यांच्याकडं वळतो. या कर्करोगाचं जगातलं सगळ्यात मोठं एकटं कारण तंबाखूचा धूर आहे. धूर ओढणाऱ्याला धोका न ओढणाऱ्याच्या तीन ते चारपट, आणि एकूण रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या मागं हेच कारण. लोकांना हे पटत नाही. ‘धूर जातो छातीत, पिशवीत कसा जाईल?’ अहो, ज्या बीटा-नॅफ्थिलअमाइनवर ब्रिटनच्या कारखान्यांनी पाणी सोडलं, तेच सिगारेटच्या धुरात आहे. त्याच कुळातलं ४-अमिनोबायफिनाइलही आहे. धूर फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात, आणि तिथून टाकीत. धूम्रपान करणारा माणूस रंगाच्या कारखान्याची एक छोटी शाखा स्वतःच्या खिशात घेऊन फिरतो. आणि जो कारखान्यातही होता आणि तिथल्या जेवणाच्या सुट्टीत विडीही ओढत होता, त्यानं दोन्ही बाजूंनी भरणा केला.

विडीला ‘आपली’, ‘पानाची’, ‘कमी तंबाखूची’ म्हणून सूट द्यायची आपल्याकडं रीत आहे. सिन्नर, सोलापूर, निपाणी, गोंदिया-भंडाऱ्याकडचा तेंदू, या सगळ्यावर किती घरं चालली हे मला ठाऊक आहे, आणि विडी वळणाऱ्या बायांच्या कष्टांबद्दल मनात आदर आहे. पण धूर तो धूर. मशेरी आणि तोंडात धरायच्या तंबाखूनं तोंडाची वाट लागते हे पक्कं. मूत्राशयाबाबत मात्र धुराइतका पुरावा तिथं नाही. सोडल्यावर धोका कमी होतो का? होतो, काही वर्षांतच उतरू लागतो. न ओढणाऱ्याच्या पातळीवर बहुधा पुरता येत नाही, तरी जो उतरतो तो थोडका नाही.

आता थोडं कोकणात जाऊ, कारण इथं गुहागर-चिपळूणची मंडळी असणार. (हात वर झाले. वाटलंच होतं.) गुहागर तालुक्यातलं गिमवी तुमच्या ओळखीचं असेल. जगभरच्या परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत या गावाचं नाव आहे, हे तिथल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या दोन संशोधकांनी कळवलं की या गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आहेत आणि त्यांच्या लघवीत एका चपट्या कृमीची अंडी सापडतात. हा शिस्टोसोमा वर्गातला कृमी. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोला तो शोधला, म्हणून ‘बिल्हार्झिया’. त्याचं अर्धं आयुष्य गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत जातं आणि अर्धं माणसात. त्याची पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात, आणि अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात. भारतात हा आजार नाही असं सगळे समजत होते, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यानं ते खोटं ठरवलं. गोगलगाय कोणती याचा शोधही गाडगीळांनी पुढं चालवला.

इजिप्तमध्ये नाईलच्या कालव्यांत पिढ्यान्‌पिढ्या उभं राहून शेती करणाऱ्यांत वर्षानुवर्षांच्या या जखमेतून मूत्राशयाचा एक वेगळ्या जातीचा कर्करोग होई. त्या देशात पुरुषांच्या कर्करोगांत तो आघाडीवर असे. कृमीवर औषध आलं, प्रसार आटोक्यात आला, तसं त्या जातीचं प्रमाण उतरलं. गिमवीत कर्करोगाची अशी साथ आली, असं मी म्हणत नाही. मला त्या शोधाची रीत आवडते. तक्रार एकच, लाल लघवी. ती ऐकून ‘उष्णता झाली असेल, धने-जिऱ्याचं पाणी प्या’ असं सांगून मोकळं होता आलं असतं. गाडगीळ आणि शाह यांनी विचारलं, हा राहतो कुठं, पाण्यात उतरतो कुठं?

हीच गोष्ट पाण्यातल्या आर्सेनिकची. चिलीतल्या अँटोफागास्ता शहराला १९५८ पासून १९७० पर्यंत आर्सेनिकयुक्त नदीचं पाणी नळानं येत होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झालं, पाणी सुधारलं; मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू मात्र पुढची कित्येक वर्षं चढतच राहिले. पिणं थांबल्यावर आजार वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या आजाराची चालच तशी. आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडं, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यात, कौडीकसा भागात बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक सापडलेलं आहे. मीरा-भाईंदरचं पाणी कमी येतं ही तुमची तक्रार रास्त आहे. पण या यादीत ते नाही.

औषधांवर दोन शब्द, कारण इथं शुगरवाले खूप. पियोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी आहे. जून २०१३ मध्ये केंद्र सरकारनं मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून तिची विक्री थांबवली आणि जुलै संपता संपता खोक्यावर ठळक इशारा छापायच्या अटीवर पुन्हा सुरू केली. सहा आठवड्यांत बंदी आली आणि गेलीही. गोंधळ व्हायचा तो झालाच. नंतरच्या मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. धोका असलाच तर लहान आहे. ज्यांना हा कर्करोग होऊन गेला आहे किंवा लघवीतून रक्त जातं आणि कारण सापडलेलं नाही, त्यांना ती देऊ नये असा संकेत आहे. बाकीच्यांनी माझं भाषण ऐकून उद्या सकाळी गोळी बंद करू नये. डॉक्टरला विचारा.

सायक्लोफॉस्फामाइड हे काही कर्करोगांवर आणि ल्यूपससारख्या आजारांवर देतात. त्याचा एक तुकडा लघवीत उतरून पिशवीचं अस्तर जाळतो, म्हणून भरपूर पाणी आणि कधी सोबत दुसरं संरक्षक औषधही देतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ज्यांनी ओटीपोटावर किरणांचे शेक घेतले, त्या बायांना पुढं बऱ्याच वर्षांनी लघवीतून रक्त दिसलं तर ‘शेकामुळंच असेल’ म्हणून सोडून देऊ नये. वर्षानुवर्षं कॅथेटर असलेले आणि पिशवीतला खडा जुना झालेलेही या यादीत येतात. आणि झाडपाल्याला ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ समजणाऱ्यांसाठी: ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात त्या वेलीच्या कुळात अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्या आम्लानं मूत्रपिंड निकामी होतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो, हे सिद्ध आहे. १९९० च्या दशकात ब्रसेल्सच्या एका दवाखान्यात वजन कमी करायच्या पुड्यांतून ते शंभरावर बायकांच्या पोटात गेलं होतं.

जी कारणं नाहीत तीही सांगतो. कॉफीवर १९९१ मध्ये याच आजाराचा संशय घेतला गेला होता. २०१६ मध्ये तो मागं घेतला. सॅकरिननं उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापत होते. ती यंत्रणा उंदराची आहे, माणसाची नाही, हे कळल्यावर २००० मध्ये तो काढला. बायका मला विचारतात, लोकलमध्ये, बाजारात तासन्‌तास लघवी तुंबवून धरावी लागते, त्यानं होतो का? तसा थेट पुरावा नाही. पण स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणं वाईटच. त्यासाठी कर्करोगाचं नाव घ्यायची गरज पडू नये.

जगात २०२२ या एका वर्षात या आजाराचे सुमारे सहा लाख चौदा हजार नवे रुग्ण नोंदले गेले. पुरुष बायकांच्या तीन-चार पट. वय बहुतेकांचं साठीपुढचं. पहिलं लक्षण बहुधा एकच: लघवी लाल, आणि दुखत काहीच नाही. न दुखणं हाच घात. एकदा लाल होते, दोन दिवसांनी आपोआप साफ होते, माणूस म्हणतो, बीट खाल्लं असेल. बायकांना जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या जातात. एक कोर्स, दुसरा, तिसरा. रक्त एकदा दिसलं, तरी सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायची. लवकर सापडलं तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढतात आणि पिशवीत बीसीजी सोडतात. होय, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. कॅनडात १९७६ मध्ये तिचा असा उपयोग पहिल्यांदा दाखवला गेला. आज पुण्यातही ती या कामासाठी तयार होते.

तर तपासणीला जाताना एक कागद बरोबर न्या. पहिल्या नोकरीपासून शेवटच्या नोकरीपर्यंत: कारखाना, खातं, साल, हाताखालून काय जायचं. नाव माहीत नसेल तर ‘लाल पावडर’ असंच लिहा. विडी कितव्या वर्षी धरली, कधी सोडली तेही. बायांनी नवऱ्याचं खातंही लिहावं. पीएफचं जुनं पासबुक, ईएसआयचं कार्ड, मिलचा पास, जे ट्रंकेत असेल ते काढा. कारखाने बंद पडले, त्यांची दप्तरं कुठं गेली देव जाणे. डॉक्टरनं विचारलं नाही तरी कागद पुढं करा. आणि कुठल्या खात्यात नेमकं काय चालायचं हे आठवत नसेल तर तुमच्याबरोबर पाळीला असणाऱ्याला फोन करा. तो आता विरारला आहे की बदलापूरला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.